पट्टा लावला होता, तरी हेल्मेट निघालं कसं?

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना सोपं जातं त्यांच्यासाठी. बोलतानाचं अडखळणं काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

गेल्या महिन्यात आपला एक भाग चुकला. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, काय झालं म्हणून. तर झालं असं, की सिंहगड रोडवर पहिल्या पावसात माझी स्कूटर घसरली. रस्त्यावर ऑइल सांडलेलं, वर पावसाची भुरभुर, पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक मारला आणि मी पण. वेग फार नव्हता. तीस-पस्तीस असेल. हात-पाय खरचटले आणि कानाच्या वर सहा टाके पडले.

आता तुम्ही म्हणाल, हेल्मेट नव्हतं का? होतं. आयएसआय मार्कवालं होतं. पट्टाही लावलेला होता, कट्ट आवाज करून बसलेला. तरी मी पडल्यावर ते माझ्या डोक्यावर नव्हतं. ते माझ्यापुढे घरंगळत डिव्हायडरपाशी जाऊन थांबलं होतं आणि त्याचा पट्टा तसाच बंद होता. एका काकांनी ते उचलून आणून दिलं. मी रस्त्यावर बसल्या बसल्या त्या बंद पट्ट्याकडे बघत होते. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "हेल्मेट तुमचंच होतं का?" मी म्हटलं, दादाचं. तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना मला देऊन गेला. त्या म्हणाल्या, "मग त्याच्या डोक्याचं होतं ना ते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. घरी पडून होते, वेळ होता, म्हणून शोधत बसले. हेल्मेट ही वस्तू आली कुठून, आणि ती डोक्यावर नीट बसायला हवी हे माणसाला कधी कळलं? आजचा भाग त्याच्यावर.

सुरुवात रेसिंगपासून करावी लागेल. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचा रेसिंग ट्रॅक होता. तिथे डॉ. एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. मोटरसायकलवाले पडायचे आणि डोक्याला मार लागलेली माणसं सारखी त्यांच्याकडे यायची. तेव्हा डोक्यावर काय असायचं? कापडी टोपी, फार तर चामड्याची. तीही वाऱ्यापासून आणि धुळीपासून वाचायला. गार्डनरनी कॅनव्हासचं कापड आणि लाख वापरून एक कडक टोपी करून घेतली. लाख म्हणजे तीच, जिच्या बांगड्या करतात. १९१४ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध टीटी शर्यतीत अशी हेल्मेट सक्तीची झाली. आधी आयोजक फारसे खूश नव्हते, पण अखेर त्यांनी मान्य केलं.

म्हणजे रेस करणाऱ्यांसाठी प्रश्न सुटला. पण रस्त्यावरच्या माणसाचं काय? त्याला हेल्मेट मिळायला आणखी सत्तावीस वर्षं गेली, आणि मधे एका फार प्रसिद्ध माणसाचा जीव गेला.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा सिनेमा १९६२ चा. पाहिला असेल तर आठवा, तो सुरू होतो मोटरसायकलच्या अपघाताने. ते खरं घडलेलं आहे. १३ मे १९३५, इंग्लंडमधला डॉर्सेट परगणा. टी. ई. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपिरियर गाडीवरून घरी चालला होता. समोर सायकलवर दोन मुलं आली, त्यांना वाचवताना त्याचा तोल गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मे रोजी गेला. वय ४६.

त्याच्यावर उपचार करायला जे डॉक्टर बोलावले, त्यात ह्यू केर्न्स नावाचे एक न्यूरोसर्जन होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. लॉरेन्सला ते वाचवू शकले नाहीत. नंतर दुसरं महायुद्ध सुरू झालं. युद्धात निरोप पोचवायला सैन्याने हजारो तरुण मोटरसायकलवर घातले. हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्री दिवे बंद असत, रस्ते अंधारे, आणि मुलं भरधाव. केर्न्स यांनी आकडे काढले. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे रस्त्यावर मेले होते. शत्रूची गोळी न लागता.

ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यातली एक गोष्ट मला फार लक्षात राहिली. अपघाताच्या वेळी हेल्मेट घातलेले स्वार त्यांना किती सापडले? फक्त सात. आणि ते सातही जगले होते. सात हा आकडा लहान आहे, आज कुणी असा अभ्यास केला तर लोक हसतील. पण पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९४१ मध्ये, ब्रिटिश लष्कराने ड्युटीवरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. मग केर्न्सना पुरेसे रुग्ण मिळाले. १९४३ मध्ये हेल्मेट घालून पडलेल्या १०६ जणांचा अभ्यास त्यांनी छापला. त्यात त्यांच्यासोबत होता ऑक्सफर्डचा एक पदार्थवैज्ञानिक, ए. एच. एस. होलबोर्न.

होलबोर्नबद्दल दोन मिनिटं बोलते, कारण तो मला आवडला. त्याने मेंदूच्या जागी जिलेटिन घेतलं. हो, जेली. आणि त्याला झटके देऊन बघितलं. त्याचं म्हणणं असं, की डोकं सरळ आपटण्यापेक्षा गर्रकन फिरतं तेव्हा मेंदू आतून जास्त ओढला जातो, पिळला जातो. १९४३ मध्ये हे सांगितलं गेलं. त्यावर उपाय म्हणून हेल्मेटच्या आत सरकणारा पातळ थर बसवायची कल्पना स्वीडनमध्ये पुढे आली ती १९९६ च्या सुमारास, न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हाल्डिन यांच्याकडून. आज महागड्या हेल्मेटवर पिवळा 'मिप्स' स्टिकर दिसतो, तो त्याचाच. सांगितलेलं अमलात यायला पन्नास वर्षं.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. डोक्यावर बसण्याचा प्रश्न.

जुनी हेल्मेटं आतून कशी होती माहितीये? वर कडक कवच आणि आत पट्ट्यांची जाळी, बांधकामावरच्या पिवळ्या टोपीत असते तशीच साधारण. दोरी किंवा पट्टा ओढून ती डोक्याप्रमाणे घट्ट-सैल करता यायची. कवच डोक्यापासून थोडं लांब राहायचं. म्हणजे एकच हेल्मेट दोघांना बऱ्यापैकी चालायचं.

मग अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स लोम्बार्ड विमानचालकांच्या हेल्मेटवर काम करत होते. त्यांनी आणि हर्मन रॉथ यांनी वेगळाच विचार केला. धक्का परतवायचा नाही, गिळायचा. आत असं अस्तर घालायचं जे आपटल्यावर चेपलं जाईल आणि चेपता चेपता धक्क्याचा जोर खाऊन टाकेल. १९५३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. आज आपल्या हेल्मेटमध्ये कापडाखाली जे पांढरं किंवा काळं थर्माकोल असतं, ते त्याच विचाराचं वंशज. ते गादी म्हणून नसतं. ते एकदा चेपायला असतं. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बाद धरायचं, आणि सेकंडहँड घ्यायचं नाही.

पण इथे एक गोष्ट बदलली. थर्माकोल कडक असतं, साच्यातून येतं. ते ओढून लहान करता येत नाही. म्हणजे हेल्मेट जितकं जास्त सुरक्षित झालं, तितकी आपल्या मापाचं हेल्मेट निवडायची जबाबदारी घालणाऱ्यावर आली. आणि हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

तपासणीचे नियम याच काळात आले. १९५६ मध्ये पीट स्नेल हा अमेरिकन रेसर मेला, त्याचं हेल्मेट डोकं वाचवू शकलं नाही. त्याच्या मित्रांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने एक संस्था काढली, जी हेल्मेट फोडून फोडून तपासते. पुढे देशोदेशीच्या मानकांत डोक्याचे ठरावीक साचे आले. त्यांचे घेर साधारण ५०, ५४, ५७, ६० आणि ६२ सेंटिमीटर. लक्षात घ्या, मोठ्या माणसांच्या डोक्यातसुद्धा इतका फरक धरलेला आहे.

आणि युरोपच्या नियमात एक चाचणी आहे, ती वाचून मी उठून बसले. साच्याच्या डोक्यावर हेल्मेट घालतात, पट्टा लावतात आणि हेल्मेटच्या मागच्या कडेला हूक अडकवून दहा किलोचं वजन अर्ध्या मीटरवरून सोडतात, असं की हेल्मेट मागून पुढे ओढलं जाईल. ते तीस अंशांपेक्षा जास्त फिरलं तर नापास. म्हणजे माझ्या बाबतीत जे झालं, नेमकं तेच तपासतात. हनुवटीचा पट्टा बिजागरीसारखा होतो, मागची कड वर चढते, डोक्याच्या मागच्या फुगवट्यावरून सरकते आणि हेल्मेट पुढे कोलांटी मारून निघून जातं. पट्टा उघडायची गरजच पडत नाही.

पण ती चाचणी करताना साचा हेल्मेटच्या मापाचा घेतात. दादाच्या हेल्मेटमध्ये लेबलवर ६०० लिहिलं होतं, म्हणजे ६० सेंटिमीटर. आईच्या शिवणाच्या टेपने माझं डोकं मोजलं. ५४. घेरात सहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे चारी बाजूंनी जवळपास एक-एक सेंटिमीटर मोकळी जागा. वर मी केसांचा अंबाडा घालून ते वापरत होते, म्हणून इतके दिवस ते घट्ट वाटत होतं. त्या दिवशी केस मोकळे होते.

आता आपल्याकडचं बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १२९ हेल्मेटचं आहे. पगडी बांधणाऱ्या शीख स्वारांना त्यातून सूट आहे. मी पहिल्यांदाच ते कलम नीट वाचलं, तर त्यात हेल्मेटची व्याख्या दोन भागांत आहे. एक, आकार, वस्तू आणि बांधणी अशी हवी की अपघातात काही प्रमाणात संरक्षण मिळेल. आणि दोन, ते पट्ट्याने डोक्याला पक्कं बांधलेलं हवं. म्हणजे हँडलला लटकवलेलं, कोपरात अडकवलेलं किंवा नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट कायद्याच्या नजरेत हेल्मेटच नाही. मानक आहे आयएस ४१५१. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायलाही आणि विकायलाही बंदी आहे.

आणि तरी आकडा ऐका. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

मी पुण्याची आहे, त्यामुळे पुढचा विषय टाळता येणार नाही. हेल्मेटसक्ती म्हटलं की पुणेकर पेटतो. कृती समिती निघाली, मोर्चे निघाले. शहरात वेगच नाही, मान दुखते, ऐकू येत नाही, केस जातात, ही कारणं आपण लहानपणापासून ऐकतोय. माझे बाबाही त्यातलेच. पण हा फक्त आपला विक्षिप्तपणा नाही बरं का. ब्रिटनमध्ये १ जून १९७३ पासून मोटरसायकलवर हेल्मेट सक्तीचं झालं. तिथे फ्रेड हिल नावाचे एक निवृत्त शिक्षक होते. ते मुद्दाम साधी टोपी घालून गाडी चालवायचे, दंड भरायचे नाहीत आणि तुरुंगात जायचे. १९८४ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, अशाच एका शिक्षेत तुरुंगात त्यांचं निधन झालं. तेव्हा पुणेकरांनी वाईट वाटून घेऊ नये, आपले भाऊबंद सगळीकडे आहेत.

पण मला आता वाटतं, त्या वादात दोन्ही बाजूंनी एकच चूक केली. सक्ती करणारे विचारतात, डोक्यावर हेल्मेट आहे की नाही. विरोध करणारे म्हणतात, त्रास होतो. मान दुखते आणि कपाळ ठणकतं, ही तक्रार खोटी नाही. पण ती बऱ्याचदा चुकीच्या मापाची किंवा चुकीच्या आकाराची तक्रार असते. पावती वाचवायला रस्त्याच्या कडेने दोनशे रुपयांना टोपी घेतली, तर ती दुखणारच किंवा उडणारच. बसतंय का, हा प्रश्न चौकातला पोलीस विचारू शकत नाही. तो आपणच विचारायचा.

टाके काढल्यावर मी नवीन हेल्मेट घ्यायला निघाले. आधी नाना पेठेत. पहिल्या दुकानात मी म्हटलं, ५४ चं दाखवा. तो म्हणाला, "ताई, लेडीजमध्ये हे फुलांचं आहे." उलटून पाहिलं तर ५८०. म्हटलं, हे सैल आहे. "घट्ट घेऊ नका हो, डोकं दुखेल. वापरून बसतं." बसत नाही, मंडळी. वापरून ते आणखी सैल होतं, कारण आतलं कापड आणि स्पंज दबतो. चौथ्या दुकानात एका काकांनी माळ्यावरून धूळ झटकून ५४० काढलं. घातलं तर कपाळाच्या मधोमध टोचायला लागलं, दहा मिनिटांत लाल ठिपका. तेव्हा कळलं की घेर एक आणि आकार वेगळा. काहींचं डोकं वरून पाहिलं तर गोल असतं, काहींचं लांबट. माझं लांबट. गोल साच्याचं हेल्मेट मला कपाळावर टोचणार आणि कानांपाशी मोकळं राहणार.

मग ऑनलाइन मागवलं. पहिलं परत केलं, दुसरं बसलं. बेळगावच्या कारखान्यातलं निघालं. दोन्हीकडे फिरून जे शिकले ते सांगते, कागद घ्या.

टेप भुवयांच्या साधारण दोन बोटं वर धरा, कानांच्या वरून मागे सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. दोन-तीनदा मोजा, मोठा आकडा धरा. ऑनलाइन घेताना एस, एम, एल यावर जाऊ नका, त्या कंपनीचा सेंटिमीटरचा तक्ता बघा, कारण एकाचं एम दुसऱ्याचं एल असतं. दोन मापांच्या मधे असाल तर आधी लहान घालून बघा. परत घेतात का, हे पैसे भरायच्या आधी वाचा आणि घरात तपासून होईपर्यंत लेबल फाडू नका.

हातात आलं की केस रोज बांधता तसे बांधा आणि घाला. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, लहान मुलाचे धरतो तसे. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट नुसतंच फिरत असेल तर मोठं आहे. पट्टा लावा, खाली दोन बोटं जेमतेम जावीत. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: मागची कड दोन्ही हातांनी धरून वर आणि पुढे ढकला. जोर लावा, लाजू नका. निघालं तर परत. मग वीस मिनिटं घालून घरात फिरा. एकाच जागी टोचलं तर आकार चुकलाय. आयएसआय मार्कसोबत आयएस ४१५१ आणि सीएम/एल पासून सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघा. मिनिटभराचं काम आहे.

आणि हो, सायकलवाल्यांनो, तुमचं हेल्मेट वेगळं. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा सायकलपटू हेल्मेटशिवाय पडून गेला, त्यानंतर त्याच वर्षी मोठ्या शर्यतींत ते सक्तीचं झालं. माप घ्यायची पद्धत तीच, पण ते हलकं हेल्मेट स्कूटरवर घालू नका. ते त्या वेगासाठी केलेलंच नाही.

शेवटचं सांगून थांबते. माझं डोकं मोजताना आई हसत होती. म्हणाली, "आता काय ब्लाउज शिवतेस का डोक्याला?" मग मी तिचं मोजलं. ५५. ती सहा वर्षं जे हेल्मेट घालून बँकेत जाते, ते बाबांचं जुनं. मी तिला तसंच उभं केलं, पट्टा लावला आणि मागची कड वर ढकलली. एका झटक्यात ते तिच्या तोंडावरून पुढे आलं, चष्म्यासकट. दोघी गप्प झालो. तिचं नवीन हेल्मेट परवा आलं. थोडं घट्ट होतं म्हणून कुरकुरली, पण आज सकाळी घालून गेली.

तर आज घरी गेल्यावर एवढं करा. घरातल्या प्रत्येक हेल्मेटची मागची कड धरून ढकलून बघा. ज्याच्या डोक्यावर ते जातं, त्याच्याच डोक्यावर घालून. काय झालं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. दादाचं हेल्मेट मी फोडून टाकलं, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या डोक्यावर जायला नको. त्याला अजून सांगितलं नाहीये, पण तो हा भाग ऐकतोच. दादा, सॉरी.

भेटू पुढच्या गुरुवारी. सावकाश चालवा.